खालच्या माइकची वायर

हे लिहायला बसतो आणि दोन ओळी झाल्या की उठतो. गोठ्यात डोकावतो, तोंडावर पाणी मारतो, परत बसतो. सकाळपासून असंच चाललं आहे. पण सभेत मी जे बोललो ते गावात ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळं फिरतंय. त्यापेक्षा नीट लिहून ठेवलेलं बरं.

मुरगूडजवळच्या आमच्या गावात मी आणि माझा मित्र भागीदारीत लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचो. तो ॲम्प्लिफायरच्या मशीनवर बसायचा, वायरी मी ओढायचो. दूध संस्थेची वार्षिक सभा दरवर्षी आमच्याकडंच. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका सभेत एक माइक स्टेजवर चेअरमनपुढं होता, दुसरा खाली सभासदांत. विरोधी गटाचा एक जण फॅटच्या दराबद्दल विचारायला खालच्या माइकशी उभा राहिला आणि कर्ण्यातून घुंईऽऽ असा आवाज सुरू झाला. त्याचं बोलणं त्यात बुडालं. स्टेजवरचा माइक मात्र खणखणीत. ‘मंजूर, मंजूर’चा गलका झाला आणि सभा संपली.

“साऊंडवाला फोडला की चेअरमननं!” कुणीतरी ओरडलं.

तेवढं पुरलं. निवडणुकीत माणसं फुटतात हे गावानं पाहिलेलं. वायर बिघडते हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. “आईशप्पत, मी बटणाला हात लावला न्हाय,” मित्र ज्याला त्याला सांगत राहिला. मी शेजारी वायरी गुंडाळत होतो.

गुंडाळताना खालच्या माइकची पिन उघडली आणि कळलं.

माइकच्या वायरीत दोन बारीक तारा असतात. त्यांच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारांची विणलेली जाळी असते. बोलणं आतल्या तारांतून जातं. जाळीचं काम राखणीचं. विजेच्या वायरीची, मोटारीची, ट्यूबच्या चोकची घरघर ती स्वतःच्या अंगावर घेते आणि मशीनच्या अर्थिंगला सोडून देते. पण त्यासाठी ती पिनेत जोडलेली पाहिजे. आदल्या दिवशी पिन बदलताना जाळी पिळून तिला कथलाचा डाग द्यायचा मी कंटाळा केला. कात्रीनं उडवली. दोन तारा जोडल्या, हॅलो हॅलो केलं, आवाज आला. वर आणखी शहाणपण म्हणजे, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून ती वायर दूध गार करणाऱ्या मशीनच्या लाइटच्या वायरीला चिकटपट्टीनं बांधत नेली. मी तपासलं तेव्हा ते मशीन बंद होतं. सभेत चालू होतं.

हे तिथंच सांगायला हवं होतं. पण माझा मेहुणा चेअरमनच्या पॅनेलमध्ये संचालक होता. बोललो असतो तर मेहुण्यासाठी मुद्दाम केलं, असं गाव म्हणालं असतं. गप्प बसलो. मित्राला बोलावणं बंद झालं, भागीदारी मोडली. तो म्हशी राखायला लागला, सभेला यायचा थांबला. वायर मी माळ्यावर टाकली. कितीदा वाटलं फेकून द्यावी. फेकली नाही, दुरुस्तही केली नाही.

यंदा त्याच्या मुलानं स्वतःचा साऊंड काढला आणि सभेची ऑर्डर त्याला मिळाली. सकाळी दूध घालायला रांगेत होतो, तर पुढचा म्हणाला, “बाप फुटला हुता, आता पोरगा कितीला जातोय बघू.” सगळे हसले. माझ्या हातातली किटली हिंदकळून दूध पायावर सांडलं. घरी आलो, वायर काढली आणि मित्राच्या दारात गेलो.

त्याला आता फारसं ऐकू येत नाही. मी सांगितलं तशी मुलानं वायर विहिरीच्या मोटारीच्या केबलजवळून नेऊन मशीनला लावली आणि मोटार सुरू केली. कुणी बोलत नसताना मशीनवरचे आवाज दाखवणारे हिरवे दिवे वर चढले. मग त्यानं नवीन टोक सोलून जाळी पिनेत जोडली. मोटार चालूच होती. दिवे खाली बसले. मित्र वाकून बघत होता. मी त्याच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं.

“तुला ठावं हुतं?”

“व्हय.”

“कवापासनं?”

“त्याच सांजंपासनं.”

“मग बहिऱ्याच्या कानात काय वराडतोस लेका? सभंत जाऊन सांग की!”

सभेत आयत्या वेळचे विषय पुकारले तेव्हा ‘मंजूर’ सुरू व्हायच्या आत उठलो. खालच्या माइकपुढं उभा राहिलो. त्यातून बारीकसुद्धा गुणगुण येत नव्हती. मेहुणा पुढच्याच रांगेत होता. त्याच्याकडं न बघता वायर वर धरून सांगत गेलो.

“तुला कितीला फोडला हुता रं?” मागून आवाज आला. इतकी वर्षं याच प्रश्नाला भीत होतो.

“फुकट,” मी म्हणालो. “कंटाळा केला म्हणून घुंई झाली. आन् मी तोंड मिटलं ते माझी अब्रू राखायला. हा माणूस फुटला नव्हता.”

काही हसले, काहींनी खुर्च्या सरकवल्या. मित्र मुलाच्या शेजारी बसला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही, तो मशीनवरच्या दिव्यांकडं बघत होता. मी बोलायचा थांबलो तसे दिवेही खाली बसले.

बाहेर पडताना तो आडवा आला. काही बोलेल म्हणून उभा राहिलो. त्यानं हात पुढं केला.

“आण ती वायर हिकडं.”

ती खांद्यावर टाकून तो मुलाच्या गाडीवर मागं बसला.