डॅनीची अदलाबदल आणि न शिवणारा कावळा

डॅनीला देऊन टाकलं त्या दिवसापासून माझ्या बायकोने माझ्या पोळीला तूप लावलं नाही.

डॅनी म्हणजे आमच्या आईस हॉकी टीमचा कप्तान. पुढचे दोन दात नाहीत, नाक वाकडं. पण सुमनला तो देव! क्लबने त्याला दुश्मन टीमला दिलं आणि बदल्यात त्यांचे तिघे घेतले. सगळं स्टेडियम रडलं. मी म्हणालो, "एकाच्या बदल्यात तीन! झकास सौदा!" (जन्म गोदामात गेला. खोकी मोजण्यापलीकडे मी शिकलोय कुठे?) पुढच्या मोसमात डॅनीने आमच्यावरच गोल मारून कप नेला. आमचे तिघे बाकावर बसून जांभया देत होते. तरी मी चूक कबूल केली नाही. अकरा वर्षं!

यंदा नोव्हेंबरात सुमन गेली.

दहाव्या दिवशी लंडनजवळ पिनरमधल्या आमच्या घरामागे गवतावर पिंड ठेवला. दव गोठून सगळं पांढरंफटक. वारा नाही, आवाज नाही. शेजारची मांजर आमच्याकडे बघून उलट्या पावली परतली. कुंपणावर एकच कावळा. इथला कावळा मोठा, चोचीपासून शेपटापर्यंत काळाकुट्ट. तो पिंडाकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. मान डावीकडे कलती करून. भांडणाआधी सुमन अश्शीच बघायची!

भटजी म्हणाले, "काका, काकूंची काही इच्छा राहिली असेल. पुरी करतो म्हणा, मोठ्यानं. कावळा शिवला नाही तर त्या अडकून राहतील हो."

माझी मुलगी नीता इथेच जन्मलेली. ती ओरडली, "आई, मी लग्न करते! प्रॉमिस!"

कावळा ढिम्म.

"बाबा, तुम्ही बोला ना काहीतरी!"

"सुमे, मी डायबेटिसच्या गोळ्या वेळेवर घेईन."

कावळा खाली उतरला. तुरुतुरु चालत पिंडापर्यंत आला, मला नीट न्याहाळलं आणि परत कुंपणावर जाऊन बसला. (माझी थाप तिला कायम कळायची.) भटजी तर मंत्रच विसरले!

नीता कुजबुजली, "बाबा... डॅनी?"

"त्याचं काय?"

"से सॉरी, बाबा! प्लीज!"

मी खाकरलो. "सुमे, तो सौदा... म्हणजे तसा थोडासा..."

कावळ्याने पाठ फिरवली.

"बरं बाई, चुकलो! डॅनीला द्यायला नको होतं! तिघांना मिळून त्याच्या नखाची सर नव्हती!"

शब्द संपायच्या आत कावळा पिंडावर होता.

भटजींनी हात जोडले. नीता रडत म्हणाली, "गेली आई. पीसफुली." कावळा उडाला. एकदाही मागे वळून बघितलं नाही. कुंपण रिकामं.

अकरा वर्षं छाती काढून अडून बसलो, आणि नेमकं त्या दिवशी पाच मिनिटांत कबूल करून मोकळा झालो! अरे, अजून थोडं ताणलं असतंस तर दुपारपर्यंत तरी समोर बसली असती ना, गाढवा!