मामांची तेजीमंदी

आमच्या मामांना आमटीत मीठ नाही हे कळत नसे, पण चीनच्या बादशहाच्या मनात काय चाललंय ते मात्र धारला बसून कळे. निदान त्यांचं म्हणणं तरी तसंच होतं. आईबापांमागे त्यांनीच मला वाढवलं. नोकरी दरबारच्या जकातीत, आणि जीव सगळा अफूच्या नि गिरण्यांच्या शेअरांच्या भावात.

भावाची तार बघून तारघरावरून घरी येईपर्यंत त्यांना वाटेत कुणी ना कुणी अडवीच. "मामासाब, कई खबर?" की मामा रस्त्यातच सुरू. पाऊस ओढ देतोय, म्हणजे ज्वारी महागणार. ज्वारी महागली की लोक कापड घेत नाहीत. कापड पडून राहिलं की गिरणीचा शेअर घसरलाच. त्यात मुंबईत प्लेग निघाला तर मजूर पळणार, मग विचारायलाच नको. "भाव एकटा कधी हलत नाही हो, अख्खं जग त्याला ढकलत असतं," असं ते म्हणत. इकडे मामी पानं मांडून ताटकळलेली. "जगाचं आटोपलं असेल तर जेवायला या," एवढंच ती बोले.

माझं लग्न देवासला ठरलं. मुलगा शाळेत मास्तर, वडिलांचा अफूचा व्यापार. खोटं कशाला सांगू, मुलगा मला मनापासून आवडला होता. त्याच सुमारास चीनला जाणाऱ्या अफूच्या पेट्या सरकारनं कमी करत आणल्या आणि भाव कडाडला. माल कमी, म्हणजे भाव चढतच जाणार, हे तेव्हा माळव्यातलं शेंबडं पोरही सांगे. मामाही तेच सांगत. घेणाराच उठून जाईल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चीननं माल घेणं बंद केलं आणि भाव असा कोसळला की सराफ्यात लोक डोकं धरून बसले.

दोन-चार दिवसांत माझे होणारे सासरे आमच्या ओसरीवर येऊन बसले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. पोरक्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं तर पुढं काय, एवढंच माझ्या मनात.

"मामासाहेब, आमच्याकडे आता काही उरलं नाही," सासरे म्हणाले. "तुम्ही शब्दातून मोकळे."

मामांची मान खाली. "अहो, मी उद्या हेच सांगायला देवासला निघणार होतो. पोरीच्या लग्नाचं सगळं मी अफूत घातलं. तिच्या आईचे दागिनेसुद्धा."

तेवढ्यात मामीच आतून म्हणाली, "दोघांनीही बुडवलंत. आता पोरांना तरी सुखानं राहू द्या. पानं घेतलीत, जेवून घ्या."

वरणभातावर लग्न लागलं. दोन्ही घरं सारखीच बसलेली, त्यामुळे सासरी मला दागिन्यांवरून कुणी कधी टोचून बोललं नाही. मामा मात्र भेटतील तेव्हा म्हणत, "बाई, तुझं मी बुडवलं." किती समजावलं, त्यांना पटेचना.

त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी धारला होते. चमच्यानं पाणी पाजताना म्हटलं, "मामा, मी सुखात आहे हो." ते म्हणाले, "मास्तर चांगला निघाला," आणि निवांत डोळे मिटले.