पॅराशूटच्या शाळेची वाट

यागोदाला पडायची भीती वाटत नव्हती. भीती वाटत होती ती जूनची. जूनमध्ये तिला पंचावन्न वर्षं पुरी होणार होती, आणि लिपोवोच्या मैदानावरच्या शाळेत पंचावन्नच्या पुढचा नवशिका घेत नसत. वर्ग भरायचे ते फक्त एप्रिलात आणि सप्टेंबरात. म्हणजे तिच्यासाठी हा एप्रिल होता, नाहीतर काहीच नव्हतं.

सर्बियातल्या बानातच्या सपाट मुलखात माणसाला उंचीची सवय नसते. गावात सगळ्यात उंच चर्चचा मनोरा, त्याखालोखाल धान्याची कोठारं, आणि मग एकदम आभाळ. यागोदा गावच्या बालवाडीत स्वयंपाक करायची. सकाळी सूप चढवायचं, दुपारी भांडी विसळायची, संध्याकाळी घरी येऊन सासूच्या पायाला मलम चोळायचं. मुलगी नोव्ही सादला, मुलगा व्हिएन्नाला. नवरा रादिवोय शेती बघायचा. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही आहे असं गावात कोणाला वाटत नव्हतं, आणि याचं तिला वाईटही वाटत नव्हतं.

लहान असताना एकदा गावच्या फुटबॉलच्या मैदानावर पॅराशूटनं उड्या मारणारे आले होते. त्यांच्यातली एक बाई वाऱ्यानं भरकटून यागोदाच्या बापाच्या मक्यात उतरली. बाप मोडलेल्या ताटांसाठी ओरडत धावला. ती बाई घामेजलेली, कपाळाला केस चिकटलेले, तिनं शांतपणे माफी मागितली आणि प्यायला पाणी मागितलं. यागोदानं तांब्याभर आणून दिलं. पाणी पिईपर्यंत त्या बाईनं तिच्या हातात पांढऱ्या कापडाचं टोक धरायला दिलं होतं. कापडात अजून वारा होता, ते हातातल्या हातात ओढ घेत होतं. एवढंच. त्यानंतर लग्न झालं, मुलं झाली, देश एकाचे अनेक झाले, आणि ती ओढ कुठं गेली ते तिनं कधी पाहिलं नाही.

ती ओढ वर आली गेल्या नोव्हेंबरात, घराण्याच्या रक्षक संताच्या सणाला. टेबलाभोवती पंधरावीस माणसं, मधे डुकराचं भाजलेलं मटण. त्यांच्या लग्नाचा साक्षीदार मिले, सख्ख्या भावापेक्षा जवळचा, तो आपल्या सुनेचा व्हिडिओ फोनवर सगळ्यांना दाखवत होता. सून समुद्रकाठी विमानातून उडी मारत होती, पाठीला एक दांडगा शिक्षक बांधलेला.

"ही कसली उडी?" यागोदा ताटं उचलता उचलता म्हणाली. "हे तर पोतं पोचवणं झालं. मी मारली तर एकटी मारीन."

टेबल हसण्यानं हादरलं.

"अगं, तू चेरीच्या झाडावरून उतरताना शिडीला मिठी मारतेस!" मिले म्हणाला.

"शिडी हलते. आभाळ हलत नाही."

"अरे रादिवोय, बायकोला आवर!"

रादिवोयनं पेला खाली ठेवला. सगळे बघत होते, त्यामुळे त्याला काहीतरी मोठं बोलणं भाग होतं. "माझ्या गाडीचं चाक कुठल्या असल्या मैदानाकडं वळलं," तो म्हणाला, "तर मला रादिवोय म्हणू नका."

संताच्या मेणबत्तीसमोर घेतलेली शपथ. ती मोडायची सोय नव्हती. आणि यागोदाची गोष्ट अशी की, ती निम्मं थट्टेतच बोलली होती. टेबल हसलं नसतं तर बोलणं तिथंच विरून गेलं असतं. पण त्या मुलखात माणूस एखाद्या गोष्टीला हट्टानं चिकटला की मग ती गोष्ट त्याला हवी होती की नव्हती, हे विचारायची वेळ निघून गेलेली असते. यागोदाला तर ती हवीही होती.

हिवाळाभर तिनं शाळा शोधल्या. बेलग्रादजवळच्या शाळेतल्या पोरीनं फोनवर पहिल्यांदा वजन विचारलं, मग वय, आणि मग लाडात येऊन म्हणाली, "मावशी, तुमच्यासाठी शिक्षकाला बांधूनच बरं पडेल. सोबत व्हिडिओ मिळतो."

"व्हिडिओ नको. शिकायचंय."

"शिकून काय करणार, मावशी?"

यागोदानं फोन ठेवला.

दुसरी शाळा हंगेरीच्या सीमेपाशी. तिथल्या माणसाला भलती घाई. सकाळी या, सही करा, दुपारी आभाळात. "पॅराशूटची घडी कोण घालतं?" तिनं विचारलं. "ते तुम्हाला काय करायचंय?" तो म्हणाला. चाळीस पोरांचं सूप रोज चाखून बघितल्याशिवाय वाढणारी बाई ती. तिनं तिथंही फुली मारली.

लिपोवोचा फोन बराच वेळ वाजत राहिला. शेवटी एका म्हाताऱ्यानं उचलला. नाव इश्तवान, पण सगळे पिश्ता-बाची म्हणायचे, पिश्ताकाका म्हणावं तसं. मगयार, म्हणजे हंगेरियन माणूस, सर्बियन बोलताना प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला पाय आपटल्यासारखा जोर.

"दोन शनिवार-रविवार जमिनीवर," तो म्हणाला. "घडी घालायला तू शिकणार. पडायला तू शिकणार. मग बघू. बोलणी ऐकून घेता येतात का?"

"तीस वर्षं सासूजवळ राहते आहे."

पलीकडं तो घशातल्या घशात हसला. "एप्रिलात ये," पिश्ता-बाची म्हणाला.

डॉक्टरीणबाईनं छाती तपासली, गुडघे वाकवून बघितले आणि दाखला दिला. सासूनं मात्र बोलणं टाकलं. पेर्सिदा ऐंशीची होती आणि तिचं सगळं आयुष्य दारं-खिडक्यांच्या मधून वाहणाऱ्या वाऱ्याशी भांडण्यात गेलं होतं. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या दिसल्या की तिची मान आखडायची. "विमानाचं दार उघडं ठेवतात," हिवाळ्यात ती एकदाच म्हणाली. "उघडं! पडून नाही मेलीस तर त्या झोतानं मरशील." त्यानंतर एप्रिलपर्यंत मीठ हवं असलं तरी मुलाला सांगायची, "तिला सांग, मीठ दे."

म्हणून त्या शनिवारी सकाळी बसला निघताना पेर्सिदा हातात छोटा पेला घेऊन दारात उभी दिसली, तेव्हा यागोदाला काय करावं ते सुचेना. घरी गाळलेली प्लमची कडक दारू, राकिया. मोठ्या कामाला निघालेल्याला कोरडं पाठवत नाहीत. परीक्षेला जाणाऱ्या पोरालाही ओठाला लावतात.

"घे," सासू म्हणाली. "माझ्या दारातून कोणी कोरडं गेलं नाही."

कित्येक महिन्यांतला तो पहिला शब्द. यागोदानं पेला एका घोटात रिकामा केला आणि सासूच्या गालाचं चुंबन घेतलं. बसमध्ये बसली तेव्हा छातीत ऊब होती, आणि ती फक्त राकियाची नव्हती.

लिपोवोचं मैदान म्हणजे गवत, पत्र्याची एक शेड आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी, वाऱ्यानं ताठ झालेली लाल-पांढरी पिशवी. कोशावा सुटला होता, आग्नेयेचा तो कोरडा, दात ओठ खाणारा वारा. शेडमध्ये सातआठ पोरं-पोरी उभ्या होत्या, सगळी तिच्या मुलांच्या वयाची. पिश्ता-बाची एकेकाच्या जवळ जाऊन पट्टे कसे बांधायचे ते दाखवत होता. यागोदापाशी आला आणि थांबला. नाक हललं.

"काय घेतलंस?"

"एकच घोट. सासूनं दिला."

"सासू उडी मारणार आहे?"

पोरं फिसकन हसली.

"जा घरी," तो म्हणाला.

"पण या वाऱ्यात आज विमान उडणारच नाही! आज जमिनीवरच तर आहोत."

"वारा पडला असता तर?" तो आवाज न चढवता म्हणाला. "निघताना तुला ठाऊक होतं पडणार नाही ते? एक घोट घेतलेला माणूस माझ्या दारात येत नाही. जा."

तो खरं बोलत होता, आणि हेच सगळ्यात जास्त लागलं. ती बाहेर येऊन पत्र्याला टेकलेल्या बाकावर बसली. आतून त्याचा आवाज यायचा, वारा त्यातले अर्धे शब्द उचलून न्यायचा. दुपारची बस मैदानाच्या फाट्यावर थांबली, थोडी घुटमळली आणि निघून गेली. यागोदानं ती जाताना पाहिली. तिचे कान गार पडले होते, पोटात भूक होती, आणि राकियाची ऊब केव्हाच उतरली होती. उठायचं मात्र तिच्या मनात आलं नाही. इथून उठले की ते कायमचंच, एवढं तिला कळत होतं.

वर्ग सुटला. पिश्ता-बाची कुलूप घेऊन बाहेर आला.

"बस गेली तुझी."

"पाहिली मी."

"घरी जा म्हटलं होतं."

"घरी जा म्हणालात. परत येऊ नको असं नाही म्हणालात."

त्यानं दार ओढून घेतलं. "पहिल्या दिवशी ज्याला काढतो त्याला पुन्हा घेत नाही मी."

"जूनमध्ये मी पंचावन्नची होते, पिश्ता-बाची."

त्यानं कुलूप लावलं, ओढून पाहिलं. "उद्या आठ वाजता दार आतून लावतो," तो तिच्याकडं पाठ करून म्हणाला. "लावल्यावर आलीस तर दार वाजवू नकोस. आणि वास घेणार आहे."

एका पोरानं तिला गाडीतून गावाच्या वेशीपर्यंत सोडलं. घरात रादिवोय वाटच बघत होता. चेहऱ्यावरचा आनंद लपवायला त्यानं वर्तमानपत्र वर धरलं.

"दिलं ना हाकलून?"

"दिलं. त्या घोटापायी."

शेंगा सोलणारे पेर्सिदाचे हात थांबले. "एका घोटापायी? त्या मगयाराला राकिया म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का?"

"त्याचं बरोबर होतं, आई."

म्हातारीनं शेंगांची टोपली बाजूला सारली. "म्हणजे मी तुझं वाटोळं केलं."

"अजून झालेलं नाही. उद्या आठला दार लागतं."

"रविवारी बस नसते," रादिवोय वर्तमानपत्रामागून म्हणाला.

"सायकल असते."

"वीस किलोमीटर? कोशावाच्या तोंडाला? कोशावा सुटला की तीन दिवस, नाहीतर सात."

"मग सोड गाडीनं."

वर्तमानपत्र खाली आलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. "सगळ्यांसमोर शब्द दिलाय मी, यागोदा."

"माहितीय. म्हणूनच सायकल म्हणाले."

रविवारी उजाडताना ती निघाली. पेर्सिदा दारात उभी होती, यावेळी हातात पाण्याचा जग. निघालेल्याच्या पाठीमागं पाणी शिंपडलं की वाट पाण्यासारखी सरळ वाहते म्हणतात. तिनं पाणी फेकलं, वाऱ्यानं ते सगळं परत तिच्याच सपातांवर आणून ओतलं.

"जा!" ती ओल्या पायांनी ओरडली. "माझ्याकडं बघू नकोस, जा! आणि मान झाक!"

गावाबाहेर पडल्यावर वाऱ्यानं तिला छातीवर हात ठेवून थोपवल्यासारखं थोपवलं. दोन्ही बाजूंना उघडी शेतं, आडोशाला झाड नाही. पायडल मारावं तर सायकल जागच्या जागी डोलायची. थोडं अंतर तिनं चालत काढलं, मग पुन्हा बसली. पहिलं गाव मागं पडलं तेव्हा चर्चची सातची घंटा वाजली आणि तिला समजलं, असं नाही पोचायचं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते वाऱ्यानं की कशानं हे बघायला वेळ नव्हता. ती पायडल मारत राहिली.

मागून धडधड ऐकू आली. शेजारच्या झिव्हाचा ट्रॅक्टर. वर बसलेला मात्र रादिवोय होता, कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, रविवारचा चांगला कोट घातलेला. तो तिच्या पुढं गेला आणि वेग कमी केला.

"हे काय?" ती ओरडली.

"झिव्हाचा ट्रॅक्टर तपासतोय! गाडी घरात आहे!"

"रविवारी?"

"तुला सोडायला नाही आलो! मी माझ्या वाटेनं चाललोय!" मग मान वळवून, हळू पण तिला ऐकू जाईल असं, "मागं ये, बाई. जवळ ये. वारा लागणार नाही."

ती ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांमागं शिरली आणि एकदम शांत झालं. डोक्यावरून वारा वाहत होता, तिच्यापर्यंत फक्त डिझेलचा धूर पोचत होता. सायकल धावू लागली. पुढच्या गावात प्रार्थनेला निघालेली माणसं थांबून बघायला लागली, रविवारच्या सुट्टीला ट्रॅक्टर आणि त्याच्या शेपटीला सायकलवर बाई. कोणीतरी हाक मारली, "काय रे, बायको विकायला काढलीस काय?" रादिवोयनं मान वर केली नाही. कोटाची कॉलर उभारलेली त्याची पाठ तिला दिसत होती, आणि ती पाठ जरा डावीकडं झुकली की तीही झुकत होती.

फाट्यावर त्यानं ट्रॅक्टर उभा केला. तिथून पुढं मैदानाची वाट. तो एक इंचही पुढं जाणार नव्हता, आणि तिनं विचारलंही नाही. "दमादमानं," तो म्हणाला. ती तोवर निघून गेली होती.

पिश्ता-बाचीचा हात दाराच्या कडीवर होता. सायकल गवतात टाकून ती धापा टाकत समोर उभी राहिली. त्यानं वाकून वास घेतला.

"कांदा," तो म्हणाला. "कॉफी. आणि हे काय, डिझेल?"

"तेवढंच."

तो बाजूला झाला. ती आत गेली, आणि कडी तिच्या पाठीमागं पडली.

आत मधोमध एक लाकडी टेबल होतं, कमरेएवढं. त्याखाली जुनी गादी. कालचा धडा चुकलेल्यानं आज पहिला नंबर लावायचा असा तिथला नियम. पोरं भिंतीला टेकून बघत होती. यागोदा टेबलावर चढली, उभी राहिली. पत्र्यावर वारा वाजत होता.

"पाय जुळव. गुडघे मऊ. जमिनीकडं बघू नकोस, समोर बघ. उडी!"

तिनं उडी मारली. पाय फाकले, ती कुल्ल्यावर आदळली आणि दात एकमेकांवर वाजले. कोणीतरी हसलं.

"धान्याचं पोतं," पिश्ता-बाची म्हणाला. "पुन्हा."

पण पुन्हा म्हणायच्या आधीच ती टेबलाकडं निघाली होती.