उन्हावरचा भात

आभाळ आलं की आमच्या शेजारच्या तात्यांचा उपवास ठरलेला. घरात चूलच नव्हती. त्यांची बायको माई धुराने खोकून खोकून गेली, त्यानंतर तात्यांनी चूल फोडली आणि भोकरदनहून सौरचूल आणली. वर काच, झाकणाला आरसा, आत काळे डबे. एसटीत ती पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या तात्यांना बघून अख्खं हसनाबाद हसलं.

मी तेव्हा नवी सून. तात्या सकाळी डाळ-तांदूळ ठेवायचे आणि दुपारपर्यंत पेटी उन्हाकडे फिरवत बसायचे. "ऊन कुणाच्या बापाचं न्हाई, सूनबाई. रॉकेलसारखी रांग न्हाई. आज न्हाई तं उद्या समदे इकडंच येतेत."

"गाव हसून राह्यलंय, तात्या."

"हसू दे की. पिठाची गिरणी आली तव्हा बी बाया म्हणल्या, जात्याबिगर भाकरीला चव न्हाई. आता कोण दळून राह्यलंय?"

तात्यांचा पोरगा जालन्याला, बियाण्याच्या कंपनीत. एकट्याला एक डबा पुरायचा, तरी हा माणूस सगळे डबे भरायचा. "चुकून कुणी आलं मंग?" कुणी येत नसे. मीच जायचे, तेही सासूबाईंचा डोळा चुकवून.

माईच्या वर्षश्राद्धाचा सगळा स्वयंपाक त्यांनी पेटीतच केला. झालं! विस्तव न पाहिलेलं अन्न पितरांना चालत नाही, असा गावभर बोभाटा. पोराने घास ठेवला आणि न जेवताच जालन्याची गाडी धरली. कावळा लगेच शिवला; माणूस एक फिरकला नाही. मांडलेल्या पत्रावळ्यांसमोर तात्या एकटेच बसलेले बघून माझं टाळकंच सरकलं. सासूबाई ओरडत राहिल्या, मी जाऊन पानावर बसले.

"माईला धुरानं नेलं," तात्या वाढता वाढता म्हणाले. "तिला पुन्हा धुराचंच वाढू का म्या?" भात जरा गिचका झाला होता, पण खीर काय सुरेख! ते वाढत राहिले, मी पोट फुटेस्तोवर जेवले.

पुढे गुडघे गेले, तेव्हा पोराने त्यांना जालन्याला नेलं. पेटी आमच्याकडे दिली, ती सासूबाईंनी गोठ्यात टाकली. मी भेटायला गेले तर मागच्या अंगाची खोली, उन्हाचा कवडसा नाही. मला बघताच तात्यांनी खिडकीशी ओढत नेलं. समोरच्या गच्चीवर पाणी तापवायचं सोलर बसलं होतं.

"बघ, आलं का न्हाई! म्या म्हणलं न्हवतं?"

घरातले सगळे कामावर. एवढी मोठी बातमी, पण सांगायला माणूस नाही. निघताना माझा हात सोडवेना त्यांना. फार वाईट वाटलं.

त्याच हिवाळ्यात ते गेले. तेराव्याला जालन्याला जाणं झालं नाही. चुलीपुढे जन्म काढलेल्या सासूबाईंना आता चार पावलांत दम लागत होता. तेराव्याच्या सकाळी त्यांनीच गोठ्यातली पेटी बाहेर काढायला लावली, पदराने काच पुसली आणि तांदूळ धुऊन ठेवले.

"अहो आई, विस्तव न पाहिलेलं?" मी म्हटलं.

"गप बस. धुराचं त्याच्या घशाखाली उतरायचं न्हाई."

दुपारी तात्यांचं पान वाढलं, मग आम्ही दोघी बसलो. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि हात तसाच थांबला.

"बाई गं, चांगला शिजलाय की," त्या म्हणाल्या. "त्याला सांगाया पाहिजे व्हतं."