पंचवीस वर्षांनंतरचे दोन लाख

माझे वडील पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. इंजिनियरांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर काळ्या शाईने उतरवायचे, एवढंच त्यांचं काम. ते त्यांनी एकतीस वर्षं केलं. त्यांनी आखलेल्या कालव्यांत पाणी यायला कधी पंधरा वर्षं लागत, कधी वीस. काहींत ते आलंच नाही. त्यामुळे पंचवीस वर्षं हा काळ त्यांना कधी इतरांइतका लांबचा वाटला नसावा.

यवतमाळहून बदली होऊन आम्ही पुण्यात आलो तेव्हा मी तिसरीत होते. कसबा पेठेत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. खाली तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांचा कारखाना होता. सकाळपासून हातोड्यांचा ठेका सुरू व्हायचा आणि दुपारी तो इतका संथ व्हायचा की त्या आवाजातच डोळा लागावा. अजूनही कुठे तांबं ठोकताना ऐकलं की मला झोप येते.

मी बारावीत असताना बाबांना पगारातल्या फरकाचे वीस हजार रुपये एकदम मिळाले. ते दिवस मोठे गमतीचे होते. शेअर, डिबेंचर, परदेशी कंपन्या हे शब्द भाजी घेतानाही कानांवर पडत. बाबांच्या ऑफिसातले एक गृहस्थ स्वेच्छानिवृत्ती घेऊन बचतीचे एजंट झाले होते. ते एका रविवारी फॉर्म घेऊन आले. एका मोठ्या वित्तसंस्थेचे बाँड निघाले होते. आज पाच हजार भरायचे, मधे काही मिळणार नाही, पंचवीस वर्षांनी दोन लाख.

"एकाचे दोन लाख," एजंट म्हणाले. "आपण चार घेतलेत तर आठ."

आईने चहाचे कप उचलता उचलता विचारलं, "पंचवीस वर्षांनी आठ लाखांत काय येईल? तेलाचा डबा तरी येईल का?"

"वहिनी, आपण फार पुढचा विचार करता," एजंट म्हणाले.

"तुम्हीच तर पंचवीस वर्षं म्हणून राहिले ना जी," आई म्हणाली आणि आत गेली.

बाबांनी चार बाँड घेतले. दोनेक महिन्यांनी टपालाने प्रमाणपत्रं आली. साईच्या रंगाचा जाड कागद, आणि कडेने एकमेकींत गुंतलेल्या बारीक लाटांची नक्षी. बाबांनी ती खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली पाहिली. "हाताचं काम नाही," ते म्हणाले, "पण रेघ कुठे तुटलेली नाही." मग ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटात ठेवली.

त्यानंतर आमच्याकडे रविवारच्या दुपारी एक वेगळाच खेळ सुरू झाला. जेवणं आटोपली की आम्ही तिघं चटईवर आडवी व्हायचो. खालून हातोड्यांचा संथ ठेका, छताच्या कौलांतून उतरलेला उन्हाचा एक कवडसा, आणि बाबा त्या दूरच्या वर्षाबद्दल बोलायला लागायचे. त्या वर्षी यवतमाळकडच्या आमच्या गावातल्या बुद्धविहाराशेजारी वाचनालय बांधायचं. मोठ्या खिडक्या ठेवायच्या, उत्तरेकडून उजेड येईल अशा. मुलांना वाचताना डोळ्यांवर ताण नको. मी म्हणायचे, मला एक घर हवं, त्यात फक्त माझं असं टेबल. बाबा त्या घराचा नकाशा बोटाने हवेत काढायचे आणि जिना कुठे येईल ते मला विचारायचे. ते वर्ष आमच्या डोळ्यांसमोर इतकं स्पष्ट झालं होतं की त्यातल्या खोल्यांतून मी हिंडत असे. आई डोळे मिटून पडलेली असायची. तिला काय हवं हे आम्ही कधी विचारलं नाही, आणि तीही आपणहून काही बोलली नाही.

मी कॉम्प्युटर इंजिनियर झाले. नोकरी खराडीत लागली. तेव्हा खराडीत काचेच्या दोन-चार इमारती होत्या आणि बाकी सगळी शेतं. चौथ्या मजल्यावरून ज्वारी डोलताना दिसायची. आमचं काम एका परदेशी बँकेचं होतं. त्यांच्याकडच्या हजारो बाँडची रोजची किंमत काढणारा प्रोग्रॅम लिहायचा होता. आम्हा कुणालाच बाँडमधलं काही कळत नव्हतं, म्हणून कंपनीने शिकवायला एका बाईंना बोलावलं. त्या बँकेतून निवृत्त झाल्या होत्या, सदाशिव पेठेत राहायच्या, कॉटनची साडी नेसायच्या आणि कमी बोलायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "बाँड म्हणजे काय?"

आमच्यातल्या एकाने पुस्तकातली इंग्रजी व्याख्या धडाधड म्हणून दाखवली.

"पाठ छान आहे," बाई म्हणाल्या. "समजली असती तर सोपी करून सांगितली असतीत. बाँड म्हणजे पैसे घेताना दिलेलं वचन. अमुक दिवशी अमुक देईन. आपलं काम त्या वचनाची आजची किंमत काढायचं."

त्यांनी फळ्यावर एक लांब आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर वर्षांच्या खुणा केल्या. "लांबचं झाड लहान दिसतं. लांबचा रुपयाही तसाच. आज हातातला रुपया रुपयाच. वर्षाने मिळणारा जरा लहान, दहा वर्षांनी मिळणारा आणखी लहान. किती लहान ते व्याजदर ठरवतो. असे सगळे रुपये आजच्या मापात आणायचे आणि बेरीज करायची. झाली किंमत."

मग त्यांनी सांगितलं की व्याजदर आणि जुन्या बाँडची किंमत उलट दिशांना जातात. मला ते पटेना. मी विचारलं, "व्याज वाढलं तर बाँडची किंमत वाढायला हवी ना?"

"तुमच्याकडे शंभर रुपयांचा बाँड आहे," त्या म्हणाल्या. "वर्षाला आठ रुपये देतो. उद्या बाजारात तसाच बाँड दहा रुपये द्यायला लागला. तुमचा मी शंभरला का घ्यावा?"

"नाही घेणार तुम्ही."

"मी घेईन. नव्वदला दिलात तर विचार करीन. आणि बाजार सहा द्यायला लागला तर तुम्ही मला शंभरला देणार नाही."

त्या दुपारी मी काचेतून बाहेर बघत बसले होते. शेतापलीकडचा रस्ता उन्हात थरथरत होता. त्यावरची माणसं दूर जाताना बारीक होत होती आणि मला वाटलं, तिथे कुठेतरी शेवटी आमचे आठ लाख उभे आहेत. मी बाईंना विचारलं, "मधे काहीच देत नाही, सगळं एकदम पंचवीस वर्षांनी, असा बाँड असेल तर?"

"तो सगळ्यात जास्त हलतो. सगळं वचन शेवटच्या टोकाला ना. व्याजदर जरा बदलला की त्याची किंमत खूप बदलते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आहे का घरी?"

"वडिलांनी घेतलाय. चार."

"मग प्रमाणपत्राच्या मागे काय लिहिलंय ते वाचा. लोकांना भीती असते की पैसे घेणारा ते बुडवेल. ती असावीच. व्याजदर हलेल याची थोड्यांना असते. पण घेणारा पैसे लवकर परत करील, हाही धोका आहे, हे कुणाला पटत नाही."

रविवारी बाबा खिडकीत पेपर वाचत होते. मी कपाटातून पिशवी काढली आणि पहिलं प्रमाणपत्र उलटं केलं. बारीक अक्षरांत नियम छापलेले होते. सातवं वर्ष पूर्ण झाल्यावर संस्थेला वाटलं तर तिने ठरलेली रक्कम देऊन बाँड परत घ्यावा, असं त्यात होतं. त्या वाक्याखाली पेन्सिलीची एक रेघ होती. अतिशय बारीक, पट्टी लावून ओढलेली, कुठेही न तुटलेली.

मी बाबांकडे पाहिलं. "तुम्ही हे वाचलं होतं?"

"प्रमाणपत्रं आली त्या दिवशीच," ते म्हणाले. पेपर त्यांनी खाली ठेवला नाही.

"मग आम्हाला का नाही सांगितलं?"

त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "तू जिना कुठे हवा ते सांगत होतीस. मी म्हटलं, सात वर्षं तरी आहेत. सगळे कालवे काही बांधून होत नाहीत. पण नकाशा काढताना अनुरेखकाने हा बांधणार नाहीत असं म्हटलं तर हात कसा चालेल?"

मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. मी कागद घेतला आणि त्यांना हिशेब मांडून दाखवला. बाँड घेतले तेव्हा वर्षाला जवळजवळ सोळा टक्के पडत होते. आता बाजारात आठच्या आसपास मिळतात. सात वर्षं होत आली, अजून अठरा आहेत. आठ टक्क्यांच्या मापाने दोन लाखांच्या वचनाची आजची किंमत पन्नास हजार होते. नियमाप्रमाणे ते आपल्याला देणार चौदा.

"चारांचे मिळून?"

"आजच्या किमतीने दोन लाख, त्याजागी छप्पन हजार."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "मग त्यांनी आपले बुडवले असं म्हणायचं?"

"नाही. वीसचे छप्पन झाले, कबूल केलेल्या दरानेच. व्याजदर वर गेले असते तर त्यांनी बाँड परत घेतले नसते आणि आपण कमी दरात अडकलो असतो. खाली आले, म्हणून घेणार. दोन्हीकडून निवड त्यांचीच."

"आणि आपण सही केली."

"हो."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि मला दिसलं की ते ठीक नव्हतं. त्यांनी प्रमाणपत्र हातात घेतलं आणि काठाच्या नक्षीवरून अंगठा फिरवत बसले. त्या दुपारी कुणी आडवं झालं नाही.

तीन महिन्यांनी संस्थेचं पत्र आलं. ठरलेल्या तारखेनंतर व्याज मिळणार नाही, प्रमाणपत्रं जमा करावीत. बाबांनी चारही प्रमाणपत्रं स्वतः नेऊन दिली. त्याआधी एकाची नक्षी त्यांनी पारदर्शक कागदावर उतरवून घेतली होती, हे मला खूप नंतर त्यांच्या ड्रॉवरमध्ये दिसलं.

चेक आला त्याच आठवड्यात एजंटही आले. केस पिकले होते, बॅग नवी होती. एका खाजगी कंपनीची ठेव त्यांनी आणली होती, चौदा टक्क्यांची. बँका तेव्हा सहा-सात देत होत्या.

"कंपनी मोठी आहे," ते बाबांना म्हणाले. "आपलं नुकसान भरून निघेल."

बाबांनी फॉर्म हातात घेतला. खरं सांगायचं तर मलाही मोह झाला होता. धोका कसा मोजायचा हे मी दिवसभर शिकत होते, तरी चौदा हा आकडा दिसला आणि तो जिना पुन्हा डोळ्यांपुढे आला. आई दारात उभी होती. ती पेठेतल्या दहा बायकांची भिशी चालवायची.

"त्या कंपनीला बँक कायले देत नाही पैसे?" तिने विचारलं.

"देते ना. का नाही देणार?"

"बँकेकडून स्वस्तात मिळत असेल तर ते आम्हाला चौदा कायले देतील?"

एजंट हसले. "वहिनी, आपण पहिल्यापासून शंकेखोर."

"माझ्या भिशीत एक बाई आहे," आई म्हणाली. "तिला कोणी उसने देत नाही, म्हणून ती सगळ्यांपेक्षा जास्त देईन म्हणते. मी तिला पहिला नंबर लागू देत नाही."

बाबांनी फॉर्म परत केला. दोन वर्षांनी त्या कंपनीने ठेवीदारांचे पैसे थकवल्याचं कळलं. एजंट पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. त्यांनी स्वतःचेही पैसे तिथेच ठेवले होते, असं ऐकलं. बाबा एकदा त्यांच्या घरी जाऊन बसून आले. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही.

छप्पन हजारांचं काय करायचं ते ऑफिसात शिकवणाऱ्या बाईंना विचारून ठरलं. चौदा-चौदा हजारांच्या चार ठेवी, एक वर्षाची, दोन, तीन आणि चार वर्षांची. दर वर्षी एक मोकळी होईल. व्याज वाढलं असेल तर नव्या दराने पुन्हा ठेवता येईल, पडलं असेल तर बाकीच्या जुन्या दरावर चालू राहतील. दर कुठे जाणार हे कुणालाच कळत नाही, मग सगळे पैसे एकाच तारखेवर कशाला लावायचे, असं बाईंचं म्हणणं होतं. बाबांना ही रचना आवडली. त्यांनी तिचा एक नीट तक्ता काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

वर्षाने पहिली ठेव मोकळी झाली. पंधरा हजारांच्या आसपास आले. बाबा ती पुन्हा ठेवायला बँकेत निघाले, चपला घातल्या, आणि उंबऱ्यापाशी थांबून मागे वळले.

"तुला काही हवंय का?" त्यांनी आईला विचारलं.

आई मेथी निवडत होती. तिने लगेच उत्तर दिलं, जणू ते बरीच वर्षं तयार होतं. "स्कूटर. बिनागिअरची. जुनी चालेल."

"चालवणार कोण?"

"मी."

आई तेव्हा बावन्न वर्षांची होती. सायकलही तिने कधी चालवली नव्हती. पुढच्या महिन्यात एक जुनी आकाशी रंगाची स्कूटर घेतली, आणि रविवारी सकाळी आम्ही तिला खराडीला न्यायला लागलो, कारण आमच्या ऑफिसामागचा नवा डांबरी रस्ता सुट्टीच्या दिवशी अगदी रिकामा असायचा. दोन्ही बाजूंना ज्वारी, वर मोकळं आकाश, आणि मधे साडीचा पदर कमरेला खोचून आई. पहिल्या दिवशी ती दोनदा पडली. तिसऱ्या रविवारी ती एकटी त्या रस्त्याच्या टोकापर्यंत गेली. मी आणि बाबा बघत उभे होतो. ती लहान लहान होत गेली, उन्हात तिचा निळा ठिपका झाला, आणि इंजिनाचा आवाज थांबला.

"वळता येतं ना तिला?" बाबांनी विचारलं.

"शिकवलंय मी."

आम्ही वाट बघत राहिलो. मग तो आवाज पुन्हा सुरू झाला.