विस्तवावरची राख

माझं तोंड लहानपणापासून फटकळ. पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाडीत मला दिली, तेव्हा आईने बजावलं होतं, वर्षभर तरी तोंड उघडू नकोस. मी आठ महिने काढले, तेच खूप झालं.

तेव्हा काडेपेटी जपून वापरायची. चूल विझली की शेजारी विस्तव मागायला जायचं, आणि विस्तवाला कुणी नाही म्हणत नसे. शेजारी एक म्हातारी एकटीच राहायची. वैशाखातल्या एका सकाळी ती आमच्याकडून विस्तव घेऊन गेली आणि घटकाभरात तिचं गवती छप्पर पेटलं. म्हातारी वाचली, शेळी वाचली, घर गेलं.

ती देवळात राहायला गेली. "देवाला पन सोबत नको का गो?" म्हणाली आणि हसली. मला मात्र हसू आलं नाही. पाऊस महिन्यावर आला होता आणि देवळाला भिंतीसुद्धा नव्हत्या.

चौथ्या दिवशी आमच्या ओटीवर वाडी जमली. म्हातारी खाली अंगणात बसली होती. घरटी दोन भारे गवत काढू, असं लोकांचं म्हणणं पडलं. पण बांबूचं बेट माझ्या सासऱ्यांचं, आणि सासरे अडून बसले.

"आज हिला बांदून द्याल, उद्या समदीच हयगय करतील. ज्याच्या चुकीनं घर जळलं त्यानंच ते बांदावं. माजा सबूद हाय ह्यो."

मी दाराआड उभी होते. गप्प राहवलंच नाही. पदर सावरून उंबऱ्यावर आले.

"मामंजी, चूक माझी हाय. विस्तव राखेत झाकून द्यायचा, तर मी घाईत पेटती शेणी उघडीच तिच्या हातात ठेवली. वाऱ्यानं ठिणगी उडाली."

म्हातारीच बोलली, "कशाला बोललीस गो? मी चार दिस गिळून बसले व्हते."

सासऱ्यांनी बराच वेळ मिशी चोळली. आत सासूबाई खोकल्या. तो खोकला नव्हता, हसू होतं हे मला कळलं. मग सासरे उठले आणि म्हणाले, "बसलाव काय? कोयते आना."

पाच दिवसांत घर उभं राहिलं. आमच्याच घराने बांधायचं ठरलं होतं, पण सगळी वाडी राबली. जमीन मी सारवली. हात सोलून निघाले, तरी तेवढी खूश मी लग्नातही नव्हते.

सहाव्या दिवशी सकाळी म्हातारी नव्या चुलीसाठी विस्तव मागायला आली. मी उठणार तोच सासरे स्वतः चुलीपाशी आले. जन्मात कधी न आलेले. त्यांनी मडक्यात निखारा घेतला, वर राख घातली, आणखी घातली, पुन्हा घातली. म्हातारी घेऊन गेली आणि लगेच परत आली. निखारा गुदमरून विझला होता.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मडकं पुढे सरकवलं.

"दे गो पोरी, तूच दे."