अण्णा, मी आणि पाच मैलांचा पूल

मी कराड सोडलं ते अण्णांच्याच गाडीने. अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर. त्या दिवशी त्यांनी मुंबईची ड्यूटी मुद्दाम मागून घेतली होती. माझ्या लग्नाला दोन महिने झाले होते आणि नवरा, संदीप, आधीच अमेरिकेत मिशिगनला पोचला होता. मी ड्रायव्हरमागच्या सीटवर बसले. चेंबूर येईपर्यंत अण्णांची नजर रस्त्यावरच होती. तिथे मामा घ्यायला आला होता. बॅगा उतरवून मी त्यांच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिले, तर वरून म्हणाले, "पोचलीस की फोन कर. गाडी लेट होतीय." कंडक्टरने डबल बेल दिली. लाल गाडी वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहिले. वडील सोडायला आलेही होते आणि नव्हतेही.

त्याला आता पंधरा वर्षं झाली. मिशिगनमधल्या नोव्हाय गावात घर झालं, माझी नोकरी झाली, इरा झाली. एक गोष्ट मात्र मी कराडला कधी कळू दिली नाही. पहिल्याच हिवाळ्यात हायवेवर बर्फावरून माझी गाडी घसरली आणि गरकन फिरून उलट्या तोंडाने थांबली. कुणाला खरचटलंही नाही, पण मी हायवे सोडला तो सोडलाच. ऑफिस, शाळा, ग्रोसरी, सगळं आतल्या रस्त्यांनी. लांब जायचं तर संदीप ड्राइव्ह करणार. एसटी ड्रायव्हरची मुलगी हायवेला घाबरते, हे सांगणार तरी कसं?

रिटायर झाल्यावर गेल्या उन्हाळ्यात अण्णा आणि आई पहिल्यांदा आमच्याकडे आले. आई दोन दिवसांत रुळली. अण्णा काही रुळेनात. सकाळी फिरायला निघाले की अख्ख्या रस्त्यात कुत्रा घेऊन जाणारा एकच माणूस भेटायचा. तो "हाय" म्हणायचा, हे "रामराम" म्हणायचे. परत येऊन विचारायचे, "पोरी, इथं माणसं कुठायत?" डेट्रॉईटला नदीकाठी नेलं आणि पलीकडे कॅनडा दाखवला, तर सूर्याकडे बघून त्यांनी दिशा लावली. "कॅनडा दक्षिणेला? तुमचं सगळं उलटंच दिसतंय!" तिसऱ्या आठवड्यात त्यांनी हळूच विषय काढला, "तिकीट अलीकडचं मिळतं का बघ."

त्यांना थोपवलं ते इराच्या नकाशाने. ती तिसरीतून चौथीत जाणार होती आणि शाळेतला मिशिगनचा मोठा नकाशा तिने डायनिंग टेबलवर पसरला होता. अण्णा चष्मा लावून वाकले.

"हे दोन तुकडे का गं?"

"टू पेनिन्सुलाज, आजोबा! हा लोअर, हा अप्पर. मध्ये वॉटर. अँड हिअर इज द ब्रिज, फाइव्ह माइल्स!"

"पाच मैल? पाण्यावरून?"

त्या दिवसापासून तिकिटाचं नाव निघालं नाही. दोघांनी मिळून रूटच ठरवला: लॅन्सिंग, ग्रँड रॅपिड्स, ट्रॅव्हर्स सिटी आणि मग पूल. आईचे गुडघे दुखत होते, ती घरी थांबणार होती. निघायच्या आदल्या दिवशी संदीपच्या ऑफिसात काहीतरी अडलं. "कॅन्सल करावं लागेल यार," तो ओशाळून म्हणाला. अण्णांनी नकाशाची घडी घातली. "असू दे जावईबापू, काम आधी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिकिटाचं तेवढं बघ पोरी."

"मी चालवते," मी म्हणाले. संदीप माझ्याकडे बघतच राहिला.

सकाळी अण्णा माझ्या शेजारी बसले. उजव्या बाजूला, म्हणजे आयुष्यभर ज्या बाजूला बसले तिथेच, फक्त समोर स्टिअरिंग नव्हतं. हायवेवर चढताना माझे तळहात ओले झाले होते आणि अण्णांचा पाय खाली मॅटवर ब्रेक दाबत होता. लॅन्सिंगला विधानभवनाचा घुमट पाहिला. राज्याची राजधानी इतकी शांत कशी, म्हणून अण्णांना नवल वाटलं. ग्रँड रॅपिड्समध्ये शहराच्या मधोमध नदीत उभे राहून लोक मासे धरत होते. अण्णा काठावरच्या एका म्हाताऱ्याशी दहा मिनिटं मराठीत बोलले, तो इंग्रजीत. मग उत्तरेला पाइनची जंगलं लागली आणि ट्रॅव्हर्स सिटीजवळ चेरीच्या बागा. वाळूच्या प्रचंड टेकडीवरून लेक मिशिगन दिसलं, तेव्हा अण्णांनी खाली उतरून पाणी चाखलं. "गोड आहे गं! एवढा समुद्र आणि गोड!"

"इट्स अ लेक, आजोबा!"

"तू म्हण लेक. मी गणपतीपुळ्याला गेलोय, मला सांगू नकोस."

मी हसत होते. खूप वर्षांनी गाडी चालवताना हसत होते.

दुसऱ्या दिवशी पूल आला. लांबून त्याचे मनोरे दिसले. अलीकडेच मी गाडी बाजूला घेतली.

"काय झालं?"

मग सगळं सांगितलं. बर्फ, घसरलेली गाडी, आतले रस्ते. इरा मागून म्हणाली, "ममा, इट्स ओके. ज्यांना भीती वाटते त्यांची कार तिथले लोक ड्राइव्ह करून देतात. वुई लर्न्ड इट."

मला वाटलं अण्णा रागावतील, निदान हसतील तरी. ते काचेतून पुलाकडे बघत होते.

"कुंभार्ली घाटात पहिल्यांदा गाडी घातली ना, तेव्हा माझे पाय असे लटपटत होते," त्यांनी गुडघा हलवून दाखवला. "मागे पन्नास माणसं. कुणाला सांगणार? तुझ्या आईलाही नाही सांगितलं अजून."

"मग?"

"मग काय, पुढचं वळण तेवढं बघायचं. इथं तर वळणच नाही. माणूस बोलवायचा तर बोलव, त्यात लाज नाही. पण तू निघालीस तर मी बोलत राहतो."

मी निघाले. मधल्या लेनमध्ये लोखंडी जाळी आहे आणि चाकं तिच्यावरून गुणगुणतात, म्हणून मी कडेची लेन धरली. "नजर लांब ठेव. खाली बघू नकोस, खालचं मी बघतो. हां, स्पीड असाच." आणि अण्णा खरंच खालचं सांगत राहिले: डावीकडे निळं पाणी, उजवीकडे हिरवट, एक पांढरी बोट, तिच्यात बहुतेक नवराबायको, भांडत असावेत. मनोरा आला, मागे गेला. दुसरा आला. उतार लागला तेव्हा मला कळलं की मी श्वास घेतेय.

पलीकडे उतरून थांबलो. इरा नाचत होती. अण्णांनी बॉनेटवर हात फिरवला आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. "अगं, पोरीने आणली गाडी. मी नुसता कंडक्टर!"

परतताना सरळ दक्षिणेला येणाऱ्या हायवेने आलो. नोव्हायची एक्झिट घेतली तेव्हा संध्याकाळचं पिवळं ऊन झाडांवर होतं. "आलं बाई घर," माझ्या तोंडून निघालं. पंधरा वर्षांत मी 'घरी' म्हणाले असेन ते कराडलाच, नोव्हायला फक्त 'परत' यायचे. अण्णांनी ऐकलं असेल, त्यांना वाईट वाटेल, म्हणून चटकन शेजारी पाहिलं.

ते झोपले होते. मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं, पाय मॅटवर सैल पडलेले. दुसऱ्याच्या हातात गाडी असताना जन्मात डोळा न मिटलेला माणूस.

आमच्या घराशी आल्यावर मी वळले नाही. सरळ पुढे गेले.

"ममा, यू मिस्ड अवर हाऊस!"

"हळू बोल. आजोबा झोपलेत. एक चक्कर मारून येऊ."